लायसन्स नाही, विमा नाही: दंड किती, शिक्षा काय आणि खरा फटका कुठे बसतो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी सांगलीत अठरा वर्षं वाहन विम्याची कामं करतो. त्यातून आरटीओची आणि कधीमधी कोर्टाची कागदपत्रंही बघावी लागतात. लोक येतात ते बहुतेक दंडाचा आकडा विचारायला. खरं तर दंड हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे. तरी सुरुवात तिथूनच करतो.

लायसन्स नसताना पकडलं तर किती जातात?

पाच हजार. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८१. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार दंड किंवा दोन्ही, असं लिहिलंय. पूर्वी दंड पाचशे होता. दुरुस्ती देशात १ सप्टेंबर २०१९ला लागू झाली, पण महाराष्ट्रानं नवे तडजोड दर काढले डिसेंबर २०२१मध्ये. मधली दोन-सव्वादोन वर्षं इथे जुन्याच दराच्या पावत्या फाटत होत्या. त्यामुळे ‘पाचशेत मिटतं’ हे अजूनही अनेकांच्या डोक्यात घट्ट बसलंय.

तडजोड हा शब्द ऐकून काहींना वाटतं की पोलिसांशी घासाघीस करायची. तसं नाही. कलम २०० खाली ठरलेली रक्कम भरली की खटला कोर्टात न जाता मिटतो, एवढाच त्याचा अर्थ. रक्कम भरलीच नाही तर प्रकरण कोर्टात जातं आणि मग आकडा न्यायाधीश ठरवतात.

आणखी एक. लायसन्स नसेल तर कलम २०७ खाली पोलीस गाडी ताब्यात घेऊ शकतात. मग टोइंगचा खर्च, हेलपाटे आणि बुडालेला रोजगार, हे सगळं पाच हजारांच्या वर.

आणि विमा नसेल तर?

कलम १९६. पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार. दोन्ही वेळा तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहेच.

लायसन्सचा दंड पाच हजार आणि विम्याचा दोन, म्हणून लोक विम्याचं हलक्यात घेतात. अपघात झाला की हे गणित उलटं होतं. ते खाली सविस्तर सांगतो.

दोन्ही नसेल तर एकच चलान होतं का?

नाही. गुन्हे वेगळे, कलमं वेगळी, रकमाही वेगळ्या. एकाच चलानावर दिसल्या तरी बेरीज होते.

गाडी माझी, चालवत होता भाचा. त्याच्याकडे लायसन्स नाही. दंड कुणाला?

दोघांना. चालवणाऱ्याला कलम १८१, किल्ली देणाऱ्याला कलम १८०. तुम्हालाही तीन महिने किंवा पाच हजार किंवा दोन्ही. ‘कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला दिली होती’ हे उत्तर मी शंभरदा ऐकलंय. कायद्यात कोपऱ्यापर्यंतची सवलत नाही.

मुलगा सतरा वर्षांचा आहे, क्लासला स्कूटर नेतो. सगळेच नेतात ना?

नेतात, हे खरं. सकाळी सहाला कुठल्याही क्लासच्या दारात जाऊन बघा, उभ्या असलेल्या स्कूटरपैकी किती पोरांच्या खिशात लायसन्स असेल? पण यासाठी २०१९मध्ये कलम १९९अ आलं आणि त्यानं बोट थेट आईवडिलांकडे वळवलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. शेवटचं वाक्य पालकांना सगळ्यात कमी झोंबतं, मुलांना मात्र सगळ्यात जास्त. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत बाईक चालवता येणार नाही म्हणजे काय, ते त्यांना बरोबर कळतं.

‘मला माहीतच नव्हतं’ म्हणता येतं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी पालकावर आहे. पालकाला माहीत होतं असंच कायदा धरून चालतो. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा ही कलमं पहिल्यांदा घराघरांत चर्चेला आली. त्यानंतर महिनाभर माझ्याकडे पालकांचे फोन येत होते. मग थांबले.

सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं हे अर्धसत्य आहे. मिळतं ते बिनगिअरच्या, पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुमच्या दारातली ॲक्टिव्हा एकशे दहाच्या आसपासची आहे. तिला अठरा पूर्ण लागतात.

लर्निंगवर एकट्यानं चालवली तर?

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं. त्यावर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. दुचाकीवर ‘शेजारी’ म्हणजे मागे बसलेला. एकटे निघालात तर अट मोडली, म्हणून दंड. विम्याच्या दृष्टीनं मात्र लर्निंग हेही लायसन्सच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात सांगून ठेवलंय. अटी पाळल्या असतील तर कंपनीला ‘लर्निंग होतं’ एवढ्यावरून हात झटकता येत नाहीत.

लायसन्सची मुदत संपून पंधरा दिवस झाले. महिनाभर सवलत असते ना?

असायची. २०१९च्या दुरुस्तीत ती तीस दिवसांची सवलत कायद्यातून काढून टाकली. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तुमच्याकडे वैध लायसन्स नाही, असंच धरलं जातं. नूतनीकरण मुदतीच्या आधी वर्षभर आणि नंतर वर्षभर करता येतं. त्यापुढे गेलात तर पुन्हा चाचणी, म्हणजे चाळिशी उलटल्यावर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढायचा. पोरं बघत असतात.

ड्रायव्हर ठेवणाऱ्यांनी तर हे डायरीत लिहून ठेवावं. नोकरीला ठेवताना लायसन्स बघितलं आणि पुढे मुदत कधी संपते ते बघितलंच नाही, असं एक ट्रकमालकाचं प्रकरण २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ड्रायव्हरचं लायसन्स तीन वर्षांपूर्वी संपलेलं होतं. न्यायालयानं भरपाई मालकाच्या गळ्यात घातली, विमा कंपनी सुटली.

लायसन्स आहे, पण घरी राहिलं.

हा वेगळा आणि बारका गुन्हा आहे. मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमध्ये लायसन्स, आरसी, विमा दिसत असेल तर तेही कायदेशीर कागद धरले जातात. गॅलरीतला फोटो किंवा घरच्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली झेरॉक्स चालत नाही.

‘थर्ड पार्टी’ पुरते की ‘फुल’ घ्यावा लागतो?

कायद्याला फक्त थर्ड पार्टी लागतो (कलम १४६). तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याचा विमा. तुमच्या गाडीचं नुकसान, चोरी, पूर हे ‘फुल’ म्हणजे पॅकेज पॉलिसीत येतं.

सप्टेंबर २०१८पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा आणि नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. घोळ त्यानंतर होतो. पाच वर्षं काहीच भरावं लागलं नाही, म्हणून विमा संपला हेच लक्षात येत नाही.

आणि एक गोष्ट विकणारे फारशी सांगत नाहीत. दुचाकीच्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्याचा समावेश नसतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६चा निकाल आहे. मागे बायको बसते की मित्र, याच्याशी पॉलिसीला देणंघेणं नाही. रोज डबलसीट जात असाल तर पॅकेज घ्या किंवा तेवढं कव्हर वेगळं जोडून घ्या.

विमा नसताना अपघात झाला तर नेमकं काय होतं?

एक प्रसंग सांगतो. सकाळी दहाला दुकान उघडलं तर एक जण आधीच पायरीवर बसलेला. हातात हेल्मेट, पँट गुडघ्यावर फाटलेली. म्हणाला, पॉलिसी काढायचीय. आरसी बघितली, जुनी पॉलिसी बारा तारखेला संपलेली आणि तो दिवस पंधरा. मी म्हटलं, आजपासून होईल. तो म्हणाला, “तेराची तारीख टाका ना, दादा. हवं तर जास्त घ्या.” मग हळूहळू कळलं. आदल्या रात्री बसस्टँडजवळ एका पादचाऱ्याला धडक बसली होती आणि तो माणूस सिव्हिलमध्ये होता.

पॉलिसी तिच्यावर छापलेल्या तारखेपासून आणि वेळेपासून सुरू होते. मागची तारीख टाकणं म्हणजे फसवणूक, त्याची आणि माझीही. त्याला नाही म्हणालो. त्याच्या दुचाकीच्या थर्ड पार्टीचा दर होता ७१४ रुपये अधिक जीएसटी. ७५ ते १५० सीसीला १ जून २०२२पासून हाच दर आहे, म्हणजे साडेआठशेच्या आत काम झालं असतं.

आता समोरचं पारडं बघा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई ठरते ती ठरलेल्या गणितानं. समजा मृत व्यक्ती तीस वर्षांची, महिना वीस हजार कमावणारी, स्वतःचा छोटा धंदा असलेली, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचं उत्पन्न २ लाख ४० हजार. पुढे वाढ झाली असती म्हणून ४० टक्के अधिक, म्हणजे ३ लाख ३६ हजार. स्वतःवर खर्च केला असता तो चौथा हिस्सा वजा, उरले २ लाख ५२ हजार. या वयाला गुणक (वयानुसार ठरलेला, वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) सतरा. झाले ४२ लाख ८४ हजार. त्यावर अंत्यविधीचा खर्च आणि इतर ठरीव रकमा, वर व्याज. विमा असता तर हे कंपनीनं भरलं असतं, कारण मृत्यू किंवा इजेच्या थर्ड पार्टी भरपाईला पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते. विमा नसेल तर चालक आणि मालक यांनी स्वतःच्या खिशातून.

‘माझ्याकडे आहेच काय, काय घेतील?’ असंही विचारतात. कलम १७४ खाली ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. न्यायाधिकरणाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि पुढे तलाठी दारात. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही.

अपघात केलेली बिनविम्याची गाडीही सहज सुटत नाही. भरपाईची हमी दिल्याशिवाय ती सोडू नये, वेळ पडल्यास लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं. फौजदारी बाजू अजून वेगळीच. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी ती दोन वर्षं होती.

विमा आहे, पण चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही. मग कंपनी देते ना?

कुणाला, त्यावर आहे.

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नामंजूर होणार, हे धरून चाला. सर्व्हेअर बंपरच्या आधी चालकाच्या लायसन्सची प्रत मागतो, ते उगाच नाही. गाडीमालकासाठी सक्तीचं जे पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं, तेही मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच. लायसन्स नसलेला मालक स्वतःच चालवताना गेला, तर घरच्यांना त्यातून काही मिळत नाही.

तिऱ्हाइताचं वेगळं. रस्त्यानं चाललेल्या माणसाचा यात दोष काय? म्हणून न्यायालयं बऱ्याचदा कंपनीला सांगतात की आधी जखमीला किंवा वारसांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. कोर्टाच्या भाषेत ‘पे अँड रिकव्हर’. म्हणजे भरपाई मिळाली म्हणून मालक सुटला असं नाही, वसुलीची नोटीस मागाहून येते. मालकानं जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणानं बिनलायसन्सच्या माणसाच्या हातात गाडी दिली, हे कंपनीला दाखवावं लागतं. ड्रायव्हरचं लायसन्स बघून, गाडी चालवून घेऊन नोकरीला ठेवलं आणि ते लायसन्स बनावट निघालं, तर मालक बहुधा वाचतो. म्हणून कामावर ठेवताना लायसन्सचा नंबर ‘सारथी’ संकेतस्थळावर तपासा आणि त्या पानाची प्रिंट फायलीत लावा. दोन मिनिटांचं काम आहे.

गाडी पाच वर्षांपूर्वी विकली. आता माझ्या नावानं समन्स कसं आलं?

कारण आरसीवर तुमचंच नाव आहे. सांगली-कोल्हापूरकडे हा प्रकार इतका आहे की मी त्यासाठी वेगळी फाइलच ठेवलीय. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, पैसे घेतले, किल्ली दिली आणि ‘टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर) सह्या केल्यात, तुमच्या सवडीनं नावावर करून घ्या’ म्हणून मोकळे. घेणाऱ्यानं सवड काढलीच नाही. त्यानं पुढे तिसऱ्याला विकली, तिसऱ्यानं चौथ्याला. चौथ्यानं विमा भरला नाही आणि कुणाला तरी उडवलं.

याच धर्तीच्या, एकामागून एक विकल्या गेलेल्या गाडीच्या प्रकरणात २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक. अपघातग्रस्ताला खऱ्या मालकाच्या शोधात हिंडवायचं नाही. विक्री झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवा आणि नाव बदलेपर्यंत पाठ सोडू नका. जुन्या गाडीच्या शेवटच्या तीन हजारांसाठी भांडणारे लोक इथे मात्र फार उदार होतात.

कारच्या लायसन्सवर छोटा हत्ती चालतो का?

चालतो. ६ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला की एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं (कारचं) लायसन्स असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं वाहतूक वाहन चालवू शकतो, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. यावरून अडलेले कितीतरी क्लेम मोकळे झाले. त्यापुढच्या वजनाच्या ट्रकला मात्र वेगळं लायसन्स.

ट्रॅक्टरला काय लागतं? शेतातच तर चालतो.

ऊस घेऊन कारखान्याच्या रस्त्याला लागला की तो शेतातला राहत नाही. लायसन्स हवं, विमा हवा. ट्रॉलीत वऱ्हाड किंवा वारीला निघालेली माणसं बसवत असाल, तर शेतीच्या ट्रॅक्टरच्या पॉलिसीत त्यांना सहसा संरक्षण नसतं. पॉलिसी हातात घेऊन आसनसंख्येच्या रकान्यात काय लिहिलंय ते एकदा वाचा.

ई-स्कूटरला लायसन्स लागत नाही म्हणतात?

फक्त २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असणाऱ्या गाडीला. तिला नोंदणी नाही, लायसन्सही नाही. रस्त्यावर पन्नास-साठनं पळणाऱ्या सगळ्या ई-स्कूटरना हिरवी नंबरप्लेट, लायसन्स, विमा, सगळं लागतं. गाडी २५ची घेऊन मेकॅनिककडून वेग वाढवून घेतलात तर ती सवलत संपली.

गोव्यात भाड्यानं स्कूटर घेताना काय बघायचं?

नंबरप्लेट. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती परवानाधारक भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, स्वस्तात दिलेली. खासगी पॉलिसीची गाडी भाड्यानं देणं हा अटीचा भंग असतो आणि अपघात झाला की तेच कारण पुढे येतं. आणि आपलं लायसन्स आठवणीनं सोबत घ्या. बीचवर जायचं म्हणून पाकीट हॉटेलात ठेवणारे पुष्कळ असतात.

मुलगा अमेरिकेतून महिनाभर येतोय. तिथल्या लायसन्सवर चालवू शकतो?

सोबत तिथून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना आणला तर. नुसतं तिथलं लायसन्स दाखवून काम होत नाही. त्याचं जुनं भारतीय लायसन्स मुदतीत असेल तर प्रश्नच मिटला, तारीख तेवढी बघा. तुम्ही त्याच्याकडे जाणार असाल तर असा परवाना इथल्या आरटीओत एक हजार रुपये शुल्कात मिळतो आणि वर्षभर चालतो.

विमा संपून दोन महिने झालेत. आज काढला तर मागचा दंड लागेल?

मागच्या दिवसांचा दंड कुणी घेत नाही. पकडलं त्या दिवशी विमा होता की नव्हता, एवढंच बघतात. पोलिसांच्या यंत्रात गाडीचा नंबर टाकला की तारीख दिसते. पॅकेज हवं असेल तर गाडीची पाहणी होईल. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) साठला असेल तर विमा संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत या, नाहीतर तो जातो. पन्नास टक्क्यांवर पोचलेला बोनस शून्यावर आलेला बघून माणसं जी हळहळतात, तेवढी दंड भरतानाही हळहळत नाहीत. येताना आरसी आणि जुनी पॉलिसी घेऊन या, आणि गाडी घरीच ठेवून या.